वेदनाशामक औषधे व आमाशयातील व्रण : कारणे, लक्षणे आणि प्रतिबंध

आपल्या चिकित्सालयात रोज येणाऱ्या रुग्णांमध्ये संधिवेदनेच्या रुग्णांचे प्रमाण मोठे असते. गुडघे, कंबर, मान, टाच, खांदा यांपैकी काहीतरी दुखत असल्यामुळेच रुग्ण वैद्याची पायरी चढतो. यांतील बहुतेक जण आपल्याकडे येण्यापूर्वी आधुनिक वेदनाशामक गोळ्या घेत असतात. त्यांतील अनेक जण आपल्याकडे उपचार सुरू झाल्यावरही त्या गोळ्या घेतच राहतात, ही गोष्ट मात्र आपल्या फारशी लक्षात येत नाही. ती लक्षात न आल्यामुळे माझ्या हातून घडलेली एक चूक प्रथम नमूद करतो. प्रस्तुत लेख लिहिण्याचे कारण तीच चूक आहे.

काही वर्षांपूर्वी अडुसष्ट वर्षांच्या एक आजी संधिगतवातासाठी माझ्याकडे येऊ लागल्या. योगराज गुग्गुळ, रास्नासप्तक क्वाथ आणि बाह्योपचारार्थ महानारायण तेल अशी योजना केली. दोन महिन्यांत त्या काठीशिवाय चालू लागल्या. माझ्या चिकित्सेला यश आले, असे मी मानले. पुढे त्यांना थकवा जाणवू लागला, जिना चढताना धाप लागू लागली. नेत्र व नखे पांढुरकी दिसली. पांडुरोगाचे निदान करून मी धात्री लोह सुरू केले. दहा दिवसांनी त्या म्हणाल्या, “डॉक्टर, शौचाला काळी होतीय.” मी सहज उत्तर दिले, “आजी, लोहाच्या औषधाने तसे होतेच. काळजी करू नका.”

त्यानंतर पाचव्या दिवशी पहाटे त्या न्हाणीघरात चक्कर येऊन पडल्या. जिल्ह्याच्या रुग्णालयात दुर्बिणीची तपासणी झाली. आमाशयाच्या उत्तरभागात व्रण होता व त्यातून रक्तस्राव चालू होता. रक्ताच्या तीन पिशव्या द्याव्या लागल्या. आजी वाचल्या. मुलाने घरातील औषधांची पिशवी आणून दाखविली तेव्हा तीत डायक्लोफेनॅकच्या रिकाम्या पट्ट्या निघाल्या. सकाळी एक, संध्याकाळी एक, असा सात महिन्यांचा क्रम होता. शिवाय हृदयासाठी कधीकाळी लिहून दिलेली ७५ मिलिग्रॅमची ॲस्पिरिनही चालू होती. मी आजींना विचारले, तेव्हा त्यांनी शांतपणे सांगितले, “ती तर दुकानातली गोळी, डॉक्टर. तिला औषध कुठं म्हणायचं? आन् तुम्ही कधी विचारलं बी नाही.”

मी खरोखरच विचारले नव्हते. गुडघ्याला आलेल्या आरामात गुग्गुळाचा वाटा किती आणि डायक्लोफेनॅकचा किती, हे आज मी सांगू शकत नाही. पांडुतेचे कारण मात्र निश्चित सांगता येते. त्यांच्या आमाशयातून अनेक आठवडे रक्त झिरपत होते आणि काळ्या मलाची जी एकमेव सूचना शरीराने दिली, ती मी माझ्याच औषधाच्या खात्यात टाकून मोकळा झालो.

थोडा पूर्वेतिहास

या औषधांचे मूळ वनस्पतीतच आहे. इंग्लंडमधील एडवर्ड स्टोन या धर्मोपदेशकाने १७६३ साली विलो वृक्षाच्या सालीचा ज्वरावर होणारा उपयोग रॉयल सोसायटीला कळविला. त्या सालीतील सॅलिसिनपासून पुढे सॅलिसिलिक आम्ल मिळाले. त्याची चव व पोटात होणारी जळजळ रुग्णांना असह्य होई. १८९७ साली जर्मनीतील बायर कंपनीत फेलिक्स हॉफमन याने शुद्ध स्वरूपातील ॲसेटिलसॅलिसिलिक आम्ल तयार केले आणि १८९९ मध्ये ते ॲस्पिरिन या नावाने बाजारात आले. म्हणजे पोटाचा त्रास हा या औषधांच्या जन्मापासूनचा सोबती आहे.

तरीही ॲस्पिरिनमुळे आमाशयाच्या अंतस्त्वचेला प्रत्यक्ष इजा होते, हे डोळ्यांनी दिसण्यास १९३८ साल उजाडावे लागले. लंडनमधील डाउथवेट व लिंटॉट यांनी त्या वर्षी आमाशयदर्शकातून ती इजा पाहून प्रसिद्ध केली. ही इजा का होते याचे उत्तर १९७१ साली जॉन व्हेन यांनी दिले. ॲस्पिरिन व तत्सम औषधे शरीरातील प्रोस्टाग्लँडिन या द्रव्यांची निर्मिती रोखतात, हे त्यांनी दाखवून दिले. या क्षेत्रातील कार्याबद्दल त्यांना बर्गस्ट्रॉम व सॅम्युएलसन यांच्यासह १९८२ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

दरम्यान इंडोमेथॅसिन, आयबुप्रोफेन, नॅप्रॉक्सेन, डायक्लोफेनॅक, पिरॉक्सिकॅम, केटोरोलॅक, ॲसिक्लोफेनॅक अशी मालिकाच तयार झाली. स्टिरॉइड नसलेली शोथहर वेदनाशामके असा हा वर्ग होय. आपल्याकडे २००६ साली चिकुनगुन्याची मोठी साथ आली. महाराष्ट्रातील कित्येक गावांत घरटी एक-दोन माणसे सांधे धरून बसली होती. ज्वर आठवड्यात गेला, पण सांधेदुखी महिनोन्महिने राहिली. माझ्या व्यवसायाची ती आरंभीची वर्षे होती. दुकानातून गोळी आणून सकाळ-संध्याकाळ घेण्याची सवय अनेक घरांत त्या काळात रुजलेली मी पाहिली आहे.

व्रण कसा निर्माण होतो

आमाशयातील आम्ल इतके तीव्र असते की त्यात मांसही जिरते. असे असता आमाशय स्वतःच का जिरत नाही? अंतस्त्वचेवर श्लेष्म्याचा एक चिकट थर असतो व त्या थरात बायकार्बोनेट हे क्षारद्रव्य स्रवत असते. त्यामुळे पोकळीत तीव्र आम्लता असूनही पेशींच्या पृष्ठभागालगत ती जवळजवळ नाहीशी झालेली असते. याखेरीज अंतस्त्वचेचा रक्तपुरवठा विपुल असतो आणि झिजलेल्या पेशी झपाट्याने भरून निघतात. श्लेष्मा, बायकार्बोनेट, रक्तपुरवठा आणि पेशींची दुरुस्ती या चारही गोष्टी प्रोस्टाग्लँडिनच्या आधारावर चालतात.

प्रोस्टाग्लँडिन तयार करणाऱ्या सायक्लोऑक्सिजनेज या विकराचे दोन प्रकार आहेत, हे १९९० च्या दशकाच्या आरंभी स्पष्ट झाले. पहिला प्रकार आमाशय, वृक्क व रक्तबिंबिका यांत नित्य कार्यरत असतो. दुसरा मुख्यत्वे शोथाच्या ठिकाणी वाढतो. प्रचलित वेदनाशामके दोन्ही प्रकारांना रोखतात. शोथ कमी होतो तो दुसरा प्रकार रोखला गेल्यामुळे, तर आमाशयाचे कवच दुबळे होते ते प्रामुख्याने पहिला रोखला गेल्यामुळे.

याला आणखी दोन गोष्टींची जोड मिळते. ही औषधे सौम्य आम्लधर्मी असल्याने आमाशयातील आम्ल वातावरणात ती सहज पेशीत शिरतात. पेशीच्या आत आम्लता नसल्याने ती तेथेच अडकून पडतात व पेशीची ऊर्जानिर्मिती बिघडवतात. ही झाली स्थानिक इजा. दुसरी गोष्ट रक्तस्रावाची. रक्तबिंबिकांनी एकत्र येऊन गुठळी करण्यासाठी लागणारे द्रव्यही याच विकरापासून बनते. ॲस्पिरिन तर या विकराला कायमचे निकामी करते. रक्तबिंबिकेला केंद्रक नसल्याने ती नवा विकर बनवू शकत नाही व तिचे सात ते दहा दिवसांचे आयुष्य तसेच संपते. म्हणजे जे औषध व्रण निर्माण करते, तेच त्यातून वाहणारे रक्त थांबू देत नाही. हृदयरोगासाठी दिली जाणारी ७५ मिलिग्रॅमची लहान मात्राही या दृष्टीने निरुपद्रवी नाही.

ही संप्राप्ती समजली की काही रूढ समजुती आपोआप गळून पडतात. ‘जेवणानंतर घेतली म्हणजे गोळी बाधत नाही’ हा पहिला समज. अन्नामुळे जळजळ कमी जाणवते, परंतु व्रणाचा धोका टळत नाही. ‘गोळीऐवजी सुई घेतली तर पोट वाचते’ हा दुसरा समज. औषध स्नायूतून रक्तात गेले तरी आमाशयातील प्रोस्टाग्लँडिन घटतातच. आतड्यात विरघळणाऱ्या आवरणाच्या गोळीलाही हाच न्याय लागू आहे. तिसरा समज ‘पोटात दुखले नाही म्हणजे व्रण नाही’ असा आहे आणि तो सर्वांत घातक होय. वेदनाशामक औषध व्रणाची वेदनाही झाकते. गंभीर रक्तस्राव झालेल्या रुग्णांपैकी अनेकांना त्यापूर्वी पोटाची कोणतीच तक्रार नसते. आमच्या आजींना एकदाही आंबट ढेकर आलेली नव्हती.

कोणाला धोका अधिक

ही औषधे नियमित घेणाऱ्यांची दुर्बिणीने तपासणी केल्यास साधारण १५ ते ३० टक्के लोकांत व्रण आढळतात. रक्तस्राव, छिद्र पडणे यांसारखे गंभीर उपद्रव वर्षाला १ ते २ टक्के रुग्णांत होतात. टक्केवारी लहान वाटते, परंतु गोळ्या घेणाऱ्यांची संख्या लक्षात घेता ती लहान नाही. शिवाय हा धोका सर्वांना सारखा नसतो. पुढील रुग्णांत तो पुष्कळ वाढतो :

१. पूर्वी व्रण अथवा रक्तस्राव झालेले रुग्ण. यांचा धोका सर्वांत अधिक.
२. पासष्ट वर्षांपुढील वृद्ध.
३. मोठी मात्रा घेणारे अथवा एकाच वेळी दोन वेदनाशामके घेणारे.
४. सोबत ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा वॉरफॅरिनसारखी रक्त पातळ ठेवणारी औषधे घेणारे.
५. सोबत प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन यांसारखी स्टिरॉइड घेणारे.
६. नैराश्यासाठी सेरोटोनिनवर कार्य करणारी फ्लुऑक्सेटिन, सर्ट्रालिन, एस्सिटॅलोप्रॅम यांसारखी औषधे घेणारे.
७. आमाशयात हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूचा संसर्ग असलेले.

या जंतूविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे. ऑस्ट्रेलियातील रॉबिन वॉरन व बॅरी मार्शल यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी त्याचा व्रणाशी असलेला संबंध दाखविला व २००५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. भारतात हा संसर्ग फार मोठ्या प्रमाणात आढळतो. जंतू व वेदनाशामक ही व्रणाची दोन स्वतंत्र कारणे आहेत, आणि दोन्ही एकत्र आली की धोका आणखी वाढतो. ज्याला पूर्वी व्रण झाला आहे, अशा रुग्णाला दीर्घकाळ वेदनाशामक किंवा ॲस्पिरिन द्यावयाचे असल्यास या जंतूची तपासणी करून तो आढळल्यास त्याचा नायनाट करून घेणे योग्य ठरते.

धोक्याच्या सूचना

मलाचा वर्ण प्रत्येक संधिवात रुग्णाला विचारला पाहिजे. यात आपल्या शास्त्राच्या वैद्याची एक विशेष अडचण आहे. लोहभस्म, मंडूर भस्म व त्यांचे कल्प यांनीही मल काळा होतो. दोहोंतील भेद असा : लोहकल्पाने होणारा मल गडद हिरवट-काळा, बहुधा घट्ट व नेहमीच्याच गंधाचा असतो. रक्तस्रावाचा मल डांबरासारखा काळाभोर, चकचकीत, चिकट, पातळसर व विशिष्ट उग्र दुर्गंधीचा असतो. भांड्याला चिकटतो, पाण्याने सहज जात नाही. वेदनाशामक घेणाऱ्या रुग्णात हा भेद केवळ वर्णनावरून करू नये. शंका येताच लोहकल्प थांबवावा, नाडीची गती व रक्तदाब पाहावा, रक्तातील हिमोग्लोबिन तपासून घ्यावे आणि रुग्णाला रुग्णालयात पाठवावे. मी हे केले असते तर आजींवर ती पहाट आली नसती.

कॉफीच्या चोथ्यासारखी अथवा रक्ताची उलटी, उभे राहताच अंधारी येणे, थंड घाम व जलद क्षीण नाडी ही तीव्र रक्तस्रावाची लक्षणे होत. एकाएकी उठलेला असह्य उदरशूल व लाकडासारखे कठीण झालेले उदर ही छिद्र पडल्याची खूण होय. या अवस्थांत चिकित्सालयात औषधयोजना करण्यात एक मिनिटही घालवू नये. ऊर्ध्वग व अधोग रक्तपित्ताची चिकित्सा ग्रंथांत सविस्तर आहे हे खरे, परंतु वाहत्या धमनीचे मुख दुर्बिणीतून बंद करणे व रक्त देणे हेच तेथे प्राणरक्षक ठरते. कारण स्पष्ट न होणारी पांडुता हीदेखील सूचनाच समजावी. वृद्ध रुग्ण, वेदनाशामक आणि पांडुता ही त्रयी दिसली की लोहकल्प लिहिण्यापूर्वी रक्त कोठून जात आहे, याचा शोध घ्यावा.

प्रतिबंध कसा करावा

पहिला उपाय निदानपरिवर्जन हाच होय. वेदनाशामकाची खरोखर गरज आहे का, हा प्रश्न प्रत्येक भेटीत विचारावा. गरज असेल तर लहानात लहान मात्रा व कमीत कमी काळ. गुडघा वा हाताच्या सांध्याच्या झिजेत डायक्लोफेनॅकचा लेप वापरल्यास रक्तात जाणारे औषध गोळीच्या तुलनेने फारच थोडे असते. पॅरासिटामॉल आमाशयाला पुष्कळच सौम्य आहे, मात्र यकृताच्या दृष्टीने त्याची दैनिक मर्यादा पाळावी लागते. या वर्गातील सर्व औषधांचा धोकाही सारखा नाही. लहान मात्रेतील आयबुप्रोफेन तुलनेने कमी धोक्याचे, तर केटोरोलॅक व पिरॉक्सिकॅम अधिक धोक्याचे मानले जातात.

दुसरा उपाय संरक्षक औषधाचा. अधिक धोक्याच्या रुग्णाला वेदनाशामक किंवा ॲस्पिरिन अटळ असेल, तर ओमेप्रॅझोल, पँटोप्रॅझोल यांसारखे आम्लनिर्मिती रोखणारे औषध सोबत असावे. ते जेवणापूर्वी सुमारे अर्धा तास घ्यावयाचे असते. रॅनिटिडीन वर्गातील औषधे नेहमीच्या मात्रेत आमाशयातील व्रण रोखण्यास पुरी पडत नाहीत. आम्लशामक द्रव औषधे तर केवळ लक्षण झाकतात. मिसोप्रोस्टॉल हे प्रोस्टाग्लँडिनचेच कृत्रिम रूप असून ते व्रण रोखते. परंतु त्याने अतिसार होतो व गर्भिणीला ते सर्वथा वर्ज्य आहे. आम्लरोधक औषधे लहान आतड्यातील इजा रोखत नाहीत, हेही ध्यानात असावे.

तिसरा मार्ग केवळ दुसऱ्या प्रकारच्या विकराला रोखणाऱ्या औषधांचा. याचा इतिहास बोधप्रद आहे. १९९९ साली आलेल्या रोफेकॉक्सिबने पोटाचे उपद्रव निम्म्यावर आणले, परंतु हृदयविकाराचे झटके वाढल्याचे आढळून सप्टेंबर २००४ मध्ये कंपनीला ते जगभरातून मागे घ्यावे लागले. २००५ मध्ये व्हाल्डेकॉक्सिबही गेले. सेलेकॉक्सिब आजही वापरात आहे, पण हृदयरोग्यात सावधपणे. हाँगकाँगमधील चॅन व सहकाऱ्यांनी रक्तस्राव होऊन बऱ्या झालेल्या रुग्णांत २००२ साली तुलना प्रसिद्ध केली. सहा महिन्यांत पुन्हा रक्तस्राव होण्याचे प्रमाण सेलेकॉक्सिब घेणाऱ्यांत ४.९ टक्के, तर डायक्लोफेनॅक व ओमेप्रॅझोल एकत्र घेणाऱ्यांत ६.४ टक्के होते. ज्याला एकदा रक्तस्राव झाला आहे त्याला यांपैकी एकटा कोणताही मार्ग पूर्ण निर्धोक नाही, हा त्याचा अर्थ.

येथे एक इशारा आवर्जून द्यावासा वाटतो. पोट बिघडते म्हणून हृदयरोग्याची ॲस्पिरिन आपल्या मनाने बंद करण्याचा सल्ला कोणाही वैद्याने देऊ नये. हाँगकाँगमध्येच झालेल्या व २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात व्रणातून रक्तस्राव झालेल्या हृदय व मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या रुग्णांचे दोन गट केले होते. ॲस्पिरिन लगेच सुरू ठेवलेल्या गटात पुन्हा रक्तस्राव थोडा अधिक झाला. परंतु आठ आठवड्यांतील मृत्यू ॲस्पिरिन घेणाऱ्यांत १.३ टक्के, तर न घेणाऱ्यांत १२.९ टक्के होते. छातीत स्टेंट बसविलेल्या रुग्णाबाबत तर हृदयरोगतज्ज्ञाशी बोलल्याशिवाय एकही गोळी कमी करू नये.

आयुर्वेदीय दृष्टिकोन व आपली मर्यादा

ग्रंथांत या औषधांचा उल्लेख असण्याचे कारण नाही. तथापि कार्यावरून अनुमान करता ती उष्ण, तीक्ष्ण व विदाही ठरतात. आमाशयातील क्लेदक कफाचा क्षय आणि पाचक पित्ताची तीक्ष्णता अशी संप्राप्ती मांडल्यास ती श्लेष्म्याचा थर व आम्ल यांच्या आधुनिक वर्णनाशी पुष्कळ जुळते. हे माझे अनुमान आहे, ग्रंथवचन नव्हे. माधवनिदानातील परिणामशूल व अन्नद्रवशूल यांची लक्षणे अशा रुग्णात तपासून पाहावीत. परंतु शूल नसणे म्हणजे व्रण नसणे नव्हे, हे वर आलेच आहे.

मधुर, शीत, स्निग्ध द्रव्ये येथे युक्त ठरतात. यष्टिमधु, शतावरी, आमलकी, गुडूचीसत्त्व, शंखभस्म, कामदुधा यांचा उपयोग आपण सर्व जण करतो. यष्टिमधुतील द्रव्यापासून बनविलेले कार्बेनोक्सोलोन हे औषध १९६० च्या दशकात ब्रिटनमध्ये व्रणासाठी वापरात आले होते, ही आपल्याला अभिमानाची गोष्ट वाटेल. परंतु त्याचाच दुसरा भागही सांगितला पाहिजे. त्या औषधाने शरीरात मीठ व पाणी साठे, पोटॅशियम घटे व रक्तदाब वाढे. यष्टिमधु मोठ्या मात्रेत दीर्घकाळ दिल्यास हेच घडू शकते. रक्तदाबाच्या, हृदयाच्या व मूत्रल औषधे घेणाऱ्या रुग्णात त्याची मात्रा व काळ जपून ठरवावा. अविपत्तिकर चूर्णात त्रिवृत् मोठ्या प्रमाणात असल्याने रक्तस्रावाची शंका असता ते देऊ नये. गुग्गुळ व भल्लातक हीदेखील उष्ण-तीक्ष्ण द्रव्ये आहेत. वेदनाशामकाने आधीच दग्ध झालेल्या आमाशयावर त्यांची योजना करताना अनुपानाचा विचार व्हावा.

या कल्पांनी रुग्णाला बरे वाटते, हा आपला नित्याचा अनुभव आहे. पण अधिक धोक्याच्या रुग्णात आम्लरोधकाच्या जागी केवळ यांच्यावर विसंबावे, इतके बळकट प्रमाण आज आपल्या हाती नाही. हे मान्य करण्याने शास्त्राला उणेपणा येत नाही. आपले खरे सामर्थ्य अन्यत्र आहे. स्नेहन, स्वेदन, जानुबस्ती, बस्तिचिकित्सा, पथ्य, वजनावर नियंत्रण व गुडघ्याच्या स्नायूंचा व्यायाम यांनी रुग्णाची वेदना खरोखर उतरली, तर त्याची गोळी सुटते. सुटलेली गोळी हाच व्रणाचा सर्वोत्तम प्रतिबंध होय. मात्र ती सुटली की नाही, हे मोजले पाहिजे. दर भेटीस ‘या आठवड्यात दुखण्याच्या किती गोळ्या घेतल्या?’ असे विचारून तो आकडा रुग्णपत्रावर लिहावा. आपल्या चिकित्सेच्या यशाचेही ते प्रामाणिक माप ठरेल.

औषधविक्रेत्या बंधूंसाठी

रुग्ण वैद्याला जे सांगत नाही ते दुकानदाराला ठाऊक असते. डायक्लोफेनॅक हे औषध अनुसूची ‘एच’ मध्ये आहे, म्हणजे चिठ्ठीवाचून ते द्यावयाचे नाही. व्यवहारात काय चालते, हे आपण जाणतो. निदान पुढील चार गोष्टी तरी दुकानात व्हाव्यात. तीच व्यक्ती महिन्यामागून महिने तीच पट्टी नेत असेल, तर तिला तपासणीस पाठवावे. भिन्न नावांच्या दोन पट्ट्यांत एकाच वर्गाची औषधे नाहीत ना, हे पाहावे. ॲसिक्लोफेनॅक, पॅरासिटामॉल व सेराशियोपेप्टिडेज यांच्या एकत्रित गोळीसोबत पुन्हा डायक्लोफेनॅक नेणारे रुग्ण रोज दिसतात. हृदयाची किंवा रक्त पातळ ठेवणारी औषधे नेणाऱ्या रुग्णाला वेदनाशामक देण्यापूर्वी थांबावे. आणि काळ्या शौचाची तक्रार काउंटरवर कोणी केली, तर आम्लशामकाची बाटली हाती न देता रुग्णालयाचा रस्ता दाखवावा.

शेवटी एक कटू विषय. ‘संधिवातावर पूर्ण आयुर्वेदिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या, घटकांची नावे नसलेल्या पुड्या व गोळ्या आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. तीन दिवसांत सांधा मोकळा करणाऱ्या अशा पुडीत स्टिरॉइड व वेदनाशामक दोन्ही असू शकतात. हा प्रकार केवळ आपल्याकडचा नाही. २०२२ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने सांधेदुखीसाठी पूरक आहार म्हणून विकल्या जाणाऱ्या आर्ट्री किंग नावाच्या उत्पादनांविरुद्ध इशारे दिले. तपासणीत त्यांत न सांगितलेले डायक्लोफेनॅक व डेक्सामेथासोन आढळले होते. व्रणाच्या दृष्टीने याहून घातक जोडी नाही. असा रुग्ण समोर आला आणि त्याचा चेहरा गोल, सुजल्यासारखा दिसला, तर पुडी एकाएकी बंद करावयास लावू नये. दीर्घकाळ घेतलेले स्टिरॉइड अचानक थांबविणे जीवावर बेतू शकते. त्याला पुडीसह कायचिकित्सकाकडे पाठवावे. आणि अशी पुडी आयुर्वेदाच्या नावाने बनविणारा कोणीही असो, त्याला आपल्या व्यवसायात थारा नसावा. त्याच्या पुडीने झालेला व्रण आयुर्वेदाच्याच खात्यावर लिहिला जातो.

आजी अद्याप माझ्याकडे येतात. ॲस्पिरिन हृदयरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने चालू आहे, सोबत आम्लरोधक आहे, जंतूची तपासणी व चिकित्सा झाली आहे. गुडघ्यासाठी बस्ती, तेल व व्यायाम एवढ्यावर भागते. अधूनमधून पॅरासिटामॉलची एखादी गोळी लागते आणि ती त्या न विचारता सांगतात. माझ्या रुग्णपत्रावर आता तीन प्रश्न छापलेले आहेत : दुखण्याची कोणती गोळी घेता? दुकानातून, शेजाऱ्याकडून वा दुसऱ्या डॉक्टरांकडून आणखी काय घेता? शौचाचा रंग कसा असतो? या तीन प्रश्नांना एक मिनिट पुरते. वैद्यबंधूंनी व भगिनींनी ते आपल्याही रुग्णपत्रावर छापून घ्यावेत, ही नम्र विनंती.